इमानात गेला

उस्ताद, विहीर सापडली.

हे वाक्य मला तुमच्या पुढ्यात उभं राहून, टाचेला टाच लावून सांगायचं होतं. तुमी लगेच काही बोलला नसतात. टोपी काढून टकलावरून हात फिरवला असतात आणि म्हणाला असतात, “चहा सांग.” जन्मभर त्या विहिरीची वाट पाहिलीत आणि ती सापडायच्या आठवडाभर आधी निघून गेलात. याला काय म्हणावं? परेडला जरा उशीर झाला की अख्ख्या मैदानाला चक्कर मारायला लावणारा माणूस, आणि स्वतःच्या कामाच्या दिवशी गैरहजर! मला रडू यायच्या आधी तुमचा राग आला. अजून येतो, खरं सांगते.

बोलते तसंच लिहायले. जरा पुस्तकी लिहिलं की तुमी विचारणार, “मुक्ता, रिपोर्ट लिहायलीस का?”

तर विहीर सापडली. तिच्यात माणसाची हाडं सापडली. आता ठकूआत्याला कुणी सांगायचं, एवढंच राहिलं होतं. तुमच्या आत्याचा बाप त्या विहिरीत आहे, असं तुमी म्हणायचात. तो तिला टाकून गेला नाही हे तिला मरायच्या आत कळलं पाहिजे, ही तुमची बाजू. म्हातारीला सुखानं जगू द्या, सांगू नका, ही माझी. भांडण अर्ध्यावर टाकून तुमी गेलात. समोरचा उठून गेला म्हणून काय मी जिंकले असं होत नाही.

आपली पहिली गाठ आठवते? मी पाथरीकडची, कापसाच्या रानातून उठून पोलिसात भरती झालेली पोर. एसटीतून उतरून ट्रेनिंग सेंटरच्या फाटकाशी आले तर कमानीवर ठळक हिंदीत लिहिलेलं, ‘ईमान मैदान’. कवायत शिकवणारे उस्ताद म्हणून पहिल्याच तासाला तुमी बॅचला विचारलंत, “ह्या मैदानाला इमान कामून म्हंत्यात?” मी छाती पुढं काढून ओरडले, “इमानदारीसाठी, उस्ताद!” तुमी इतके हसलात की मिशी थरथरली. “अगं येडे, इमान म्हंजी इमान! आभाळातलं!” आणि हात पसरून, तोंडानं घरघर करत माझ्याभोवती एक गिरकी घेतलीत. अख्खी बॅच हसली. मी मनातल्या मनात तुमाला लय शिव्या दिल्या.

मग हळूहळू कळत गेलं. मोठ्या लढाईच्या काळात, इथं निजामाचं राज्य असताना, गोऱ्यांच्या फौजेला विमानं उतरवायला माळ पाहिजे होता. तो हा. गावच्या जिभेला विमान जड गेलं, त्याचं इमान झालं. उडतं तेही इमान, आणि ते जिच्यावर उतरतं ती पट्टीही इमान. “बकऱ्या इमानात गेल्या,” असं इथली बाई आजही म्हणते, म्हणजे बकऱ्या पट्टीवर चरायला गेल्या. पुढं कुणी परगावचे साहेब आले, त्यांनी गावातल्या कुणाला तरी मैदानाचं नाव विचारलं आणि जे ऐकू आलं ते शुद्ध करून कमानीवर चढवलं. पोरं शिकून बाहेर पडायची त्या परेडला दरसाल कुणी पाहुणा त्या नावावर इमानदारीचं भाषण ठोकायचा, आणि तुमी मागच्या बाजूला उभं राहून माझ्याकडं बघत भुवई उडवायचात.

लढाई संपली, इमानं गेली, मागून निजामही गेला. पट्टी तेवढी राहिली. तिच्यावर गावानं मिरच्या वाळवल्या, तूर झोडपली, तुमी सायकल शिकलात आणि गुडघे फोडून घेतलेत. मग काटेरी तार आली आणि ट्रेनिंग सेंटर झालं. विमानं ठेवायच्या त्या गोल पत्र्याच्या छपराखाली आमची मेस. पंगतीत ताट वाजलं की तो आवाज पत्र्यावरून फिरून जरा उशिरानं परत यायचा. पोरी म्हणायच्या, आपलं जेवण झाल्यावर इथं दुसरी पंगत बसते. मी त्यांना दटावायची. पण शेवटचा घास मीही घाईनंच गिळायची.

आणि तुमची ती खाली फाइल, म्हणजे रांगेतली रिकामी जागा! कवायतीत तीन-तीनच्या रांगा करताना माणसं कमी पडली तर डावीकडून दुसऱ्या फाइलीत मधली जागा मोकळी सोडायची, हा साधा नियम. तुमी मात्र आकडा बरोबर जुळला तरी जागा सोडायचात. एखाद्या पोरीला बाहेर काढून तिच्या हातात उगाच शिट्टी द्यायची, पण ती जागा खाली. साहेबांनी विचारलं तर कडक सलाम ठोकून भलतंच काहीतरी सांगायचात. त्या जागेच्या मागं मी कितीदा उभी राहिलेय. पुढं कुणाची पाठ नसायची, तरी थंडीतल्या सकाळी मला समोरचं मैदान नीट दिसायचं नाही. मान जरा एका बाजूला करावी लागायची, कुणाच्या तरी डोक्याआडून बघताना करतो तशी.

आणि तो पाय. तुमी ‘थम’ म्हणायचात, सगळ्यांचे बूट एकदम पडायचे, मैदान गप्प व्हायचं. मग एक पाय पडायचा. हलका. बुटाचा आवाज मला कळतो, उस्ताद. तो अनवाणी पाय होता. एकाचं पाऊल चुकलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे तुमी, त्या उशिरा पडलेल्या पायाबद्दल कधी कुणाला चकार शब्द बोलला नाहीत.

माझा आवाज तुमी घडवलात, हे मी तुमाला कधी सांगितलंच नाही. हुकूम देताना माझा आवाज फाटायचा. पोरं तोंड फिरवून हसायची. तुमी मला पट्टीच्या एका टोकाला उभं केलंत आणि म्हणालात, “मी त्या टोकाला जातो. हाक आली की हात वर करीन. न्हाई आली तर घरी जाऊन शेण थाप.” मी बेंबीच्या देठापासून ओरडत राहिले. किती वेळानं लांब, पट्टीच्या मधोमध, एक हात वर झाला. मी आनंदानं उडीच मारली. तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. तुमी कमानीशी उभे, तंबाखू मळत. “जायलोच होतो गं, चुना संपला होता,” म्हणालात. मी पट्टीकडं वळून बघितलं तर ऊन नुसतं हलत होतं. तुमच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. तरी तुमी एवढंच म्हणालात, “चला, पास झालीस.” आज त्या आवाजावर माझं घर चालतं. त्याबद्दल तुमचे पाय धरायचे राहिले. धरले असते तर तुमी लाथ मारली असती, ते सोडा.

मी स्वतः उस्ताद होऊन परत आले तेव्हा तुमी सगळं सांगितलंत. उन्हाळा होता, भर दुपार, पट्टीवर चिटपाखरू नव्हतं. मी दमून मधल्या एका उंचवट्यावर टेकणार तोच तुमी खेकसलात, “तिथं बसू नगंस.”

“कामून? साप हाय का?”

“न्हाई. माणूस हाय.”

मी दोन पावलं मागं सरकले.

तो माणूस म्हणजे भिवा, ठकूआत्याचा बाप, तुमच्या आजोबांचा थोरला भाऊ. तुमच्या वस्तीतली माणसं वेठीला धरून इथं मुरूम टाकायला आणलेली. पट्टीच्या ऐन मधे एक विहीर आली. गुत्तेदारानं काम घेतलं होतं आणि त्याला ती बुजवायची घाई, कारण पहिलं इमान त्याच दिवशी उतरणार होतं. विहिरीत अडकलेलं मोटेचं लोखंड काढायला भिवाला खाली सोडलं. वर मुरमाच्या गाड्या उभ्या होत्या. त्या थांबल्या नाहीत. हे तुमचं म्हणणं. तुमच्या आजोबांनी म्हातारपणी तेवढं सांगितलं, तेही कुजबुजत. डोळ्यांनी बघितलेलं कुणी उरलं नव्हतं. खात्रीचं इतकंच, की दिवस मावळताना गुत्तेदाराचा एक गडी भिवाच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “भिवा इमानात गेला.”

भिवाची बायको पोटुशी होती. तिनं विचारलं, “कवा यायचेत?” गडी मान खाली घालून निघून गेला. त्या दिवशी खरोखरच इमान उतरलं होतं आणि धुरळा उडवत परत गेलं होतं. ती काय अर्थ लावणार? नवरा गोऱ्यांच्या इमानात बसला आणि आपल्याला टाकून मुलूख सोडून गेला. ठकूआत्या जन्मली ती या गोष्टीतच जन्मली. तिच्या आईनं मरेपर्यंत कुंकू लावलं आणि मरेपर्यंत नवऱ्याला शिव्या दिल्या.

मी तुमाला म्हटलं, “गडी खरंच बोलला असंल, उस्ताद. घेतला असंल एखाद्या गोऱ्यानं हमालीला बसवून.” तुमी पट्टीवर टाच आपटलीत. “बकऱ्या इमानात गेल्या म्हणलं, तर तू वर बगतीस का खाली?” पण तेवढ्यावर गप्प बसणारी मी नव्हे, हे तुमालाही माहीत होतं.

मग एकदा मला आत्याकडं नेलंत, कुंपणापलीकडच्या वाडीत. आत्या ऐंशी पार केलेली, पण जीभ तिखट. अंबाडीची भाजी वाढून मला म्हणाली, “नीट खा की. शिपाईन हायस का कोंबडी?” आमी हसत होतो तेवढ्यात वरून विमान गेलं, लय उंचावरून, बारीक आवाज करत. वाडीतल्या बाया, म्हातारे, झोळीतलं बाळसुद्धा वर बघायला लागलं. आत्यानं मान खाली घातली. आवाज पुरता विरेपर्यंत ती चुलीतल्या राखेकडं बघत राहिली आणि तव्यावरची भाकरी करपून काळी झाली. “माझा बाप चालला,” एवढंच म्हणाली आणि ती भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

परतताना तुमी म्हणालात, “बगितलंस? बाप मेला आसता तर ही कवाच रडून मोकळी झाली आसती. टाकलेलं माणूस मोकळं होत न्हाई.”

“आन् बाप जित्ता गाडला हे कळून माणूस मोकळं होतंय व्हय? आहे ते बरं आहे. तिकडं कुठंतरी म्हातारा होऊन गेला, असं तिला वाटू द्या.”

“तुला कळत न्हाई, मुक्ता.”

“तुमाला लय कळतंय!”

मग कितीतरी दिवस तुमी माझ्याशी कामापुरतंच बोललात. लहान पोरासारखं रुसणं तुमच्या अख्ख्या खानदानात आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

शेवटचं भांडण मेसच्या पायरीवर. सेंटरला जमिनीखाली पाण्याची टाकी बांधायची होती आणि जागा सुचवली तुमी. कुठली, ते विचारायचीही गरज नव्हती. “अख्खा माळ सोडून पट्टीच्या मधोमध?” मी म्हटलं. “पाण्याची जागा पाण्याला,” तुमी म्हणालात, अगदी भोळा चेहरा करून. काय बेरकी माणूस! मी विचारलं, “आन् निघालं काही, तर आत्याला सांगणार कोण?”

“तू.”

“मी कामून? आत्या तुमची.”

“मला रडू यील. तुला राग यील. रागात माणूस सरळ बोलतंय.”

कप पायरीवर ठेवून तुमी निघून गेलात. तेव्हाच छातीत दुखायचं का? तुमाला काही कळलं होतं का? एवढा जवळचा माणूस असून माझ्यापासून लपवलंत का? बघा, पुन्हा राग यायला लागला.

जेसीबी आला त्या दिवशी मी तिथंच उभी होते. दुपार तापलेली. पट्टीचा वरचा थर काही केल्या फुटेना, त्या काळातलं काम ते. मग एकदम पोकळ आवाज झाला. दगडी बांधकामाचा गोल काठ उघडा पडला आणि आतून हवा आली. मे महिन्यातल्या उन्हात गार हवा, कुणीतरी लय वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी. जेसीबीवाल्यानं कुणी न सांगता मशीन बंद केलं, खाली उतरला आणि चपला काढून बाजूला उभा राहिला. पुढं माणसांनी घमेल्या-घमेल्यानं मुरूम काढला. लोखंड निघालं. त्याच्याशेजारी तो निघाला.

मी बॅचला काठाशी उभं केलं आणि सावधान केलं. हाडं वर आली तेव्हा मी सलाम केला. कुणाला, ते मला सांगता येणार नाही. भिवाला म्हणा, तुमाला म्हणा. पोरींनी तुमच्या सवयीप्रमाणं जागा सोडली होतीच. परेड मोडल्यावर त्या जागेच्या मागं उभी असलेली पोर माझ्याकडं आली. तोंड पांढरंफटक.

“उस्ताद, आत्ता माझ्या पुढनं कोण गेलं?”

“कोण जाणार? कुठं गेलं?”

तिनं बोट केलं. विहिरीकडं नाही. कुंपणापलीकडं, वाडीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ‘थम’ म्हटलं. बूट एकदम पडले. मग काहीच नाही. मी वाट बघत उभी राहिले, पोरी माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या. भीती कशाला म्हणतात ते मला त्या शांततेत कळलं, उस्ताद. भिवा निघाला होता. मी सांगो न सांगो, तो घरी जाणार होता, आणि म्हातारीला काहीच ठाऊक नसताना दारात उभा राहणार होता.

हाडं तपासायला नेली होती. पुरुषाची आहेत, कोवळ्या वयाची आहेत, असं डॉक्टर तोंडी म्हणाले. नाव सांगणारं कुणी नाही. एवढंच हातात घेऊन मी दुपारी वाडीवर गेले.

आत्या दारातच होती. तुमच्या जाण्यानं निम्मी झालीय. मला बघून म्हणाली, “ये. सकाळधरनं कुत्रं भुकायलंय रिकाम्या वाटंवर.” मी मागं वळून बघितलं नाही. तिच्याजवळ जमिनीवर बसले. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं गेली. तुमचा अंदाज साफ चुकला, बरं का. मला राग आला नाही. माझे डोळेच भरून आले.

“आत्या, विहीर निघाली.”

“कळलं की. समदं गाव तेच बोलायलंय.”

“तिच्यात माणूस निघाला.”

तिचे ओठ हलायला लागले. “इमानात गेला,” ती पुटपुटली. “इमानात गेला.” पुन्हा पुन्हा तेच, दरवेळी जरा सावकाश, एखादा खडा दाताखाली लागावा तशी. मग तिनं तळहात जमिनीवर ठेवला.

“म्हंजी खाली?”

“व्हय, आत्या. बहुतेक.”

बहुतेक हा शब्द मी मुद्दाम घातला होता. तिनं तो ऐकलाच नाही.

“म्हंजी त्यो कुठं गेलाच न्हाई.”

“न्हाई.”

“हितंच होता.”

“हितंच होता, आत्या.”

घ्या, भांडण तुमी जिंकलात. मी बघत होते, तिच्या तोंडावरचं काहीतरी सुटलं. इतक्या वर्षांचं आवळलेलं. मला वाटलं आता ती ऊर बडवून घेईल, गुत्तेदाराला शिव्या घालेल, आईच्या नावानं रडेल. मी तिला धरायला हात पुढं केला होता. पण तिनं वेगळंच विचारलं.

“केवढा व्हता गं?”

“विशीतला असंल म्हणले. आमच्या सेंटरात भरतीला पोरं येत्यात ना, तेवढा.”

तिनं मनाशी हिशोब केला असावा. तिच्या धाकट्या नातवाचंही लग्न झालंय. कुत्रं कधी गप्प झालं ते मला कळलं नाही. आत्यानं जमिनीवरचा हात उचलला नाही. झोपलेल्या पोराला थोपटतात तसा तो हळूहळू हलायला लागला.

“अंधारात लय भ्यालं आसंल गं,” ती म्हणाली, “लेकरू माझं.”